वेणूताई, पिठी आणि दांडीवरचं सोवळं

ईरा आणि नील,

कोकोला मन शांत करणारी गोळी सुरू करावी की नाही, यावरून तुमच्या घरात दोन तट पडले आहेत, असं तुमच्या आईने परवा फोनवर सांगितलं. तुम्ही शाळेत गेलात की तो दार ओरबाडतो, लाळ गाळत थरथरत बसतो. तिथल्या डॉक्टरने गोळी सुचवली आहे. नील म्हणतो द्यावी. ईरा म्हणते, मग तो आपला कोको राहणारच नाही. आणि फिरत फिरत प्रश्न माझ्याकडे आला.

मी जन्मभर मुलींना इंग्रजी शिकवलं. कुत्र्यांचं मला काही कळत नाही. पण हाच प्रश्न मी एकदा फार जवळून पाहिला आहे, माझ्या स्वयंपाकघरासमोरच्या खिडकीत. तो ज्यांच्यापुढे पडला होता त्या वेणूताईंविषयी तुम्हाला लिहावं असं वाटलं. ईराला लहानपणी त्यांनी खिडकीतून हात लांब करून बेसनाचा लाडू दिला होता. तो घेताना ती रडली होती, कारण वेणूताईंचा आवाज फार मोठा होता.

दुर्गाघाटाकडे उतरणारी आमची गल्ली इतकी अरुंद आहे की समोरच्या घरात खिडकीतून साखरेची वाटी देता येते. आजोबांच्या बँकेच्या बदलीमुळे आम्ही दोन-तीन वर्षांसाठी म्हणून इथे आलो आणि राहूनच गेलो. वेणूताईंचं सासर मात्र पिढ्यान्‌पिढ्या काशीतलं. त्यांचे यजमान पाठशाळेत वेद शिकवायचे. ते केव्हाच गेले होते. मूलबाळ नव्हतं. वरच्या मजल्यावर धाकट्या दिरांचा मुलगा श्रीपाद, त्याची बायको आणि मुलं राहत. श्रीपाद पौरोहित्य करायचा. पहिल्या मजल्यावर, माझ्या खिडकीसमोर, वेणूताई आणि घराण्याचा गणपती.

त्या उंचीने लहान होत्या. चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली असे. ती दुरुस्त करून आणू का, असं विचारलं की म्हणायच्या, "बघू या." वेणूताईंचं 'बघू या' म्हणजे नाही. 'बरं' म्हणजे कदाचित. होकाराला त्या काहीच बोलत नसत, सरळ कामाला लागत. हे कळायला मला वर्ष लागलं.

देवाशी त्या मराठीत बोलत, भाजीवाल्याशी बनारसीत आणि श्रीपादच्या मुलांशी हिंदीत, कारण मुलं मराठीला हिंदीतच उत्तर देत. एकदा पुण्याहून आलेली एक मंडळी श्रीपादकडे उतरली होती. जेवताना त्यांतल्या बाई हसून म्हणाल्या, "तुम्ही सब्जी म्हणता होय? आम्ही भाजी म्हणतो." वेणूताई वाढता वाढता म्हणाल्या, "म्हणा की. तुमच्या ताटात भाजी वाढते, यांच्या ताटात सब्जी वाढते. मीठ दोन्हींत सारखंच आहे." बाईंनी नंतर दोनदा मागून घेतली.

आता तुम्हाला सोवळं म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. सकाळी आंघोळ करून, वेगळं धुतलेलं आणि कोणाचाही हात न लागलेलं वस्त्र नेसायचं आणि देवाचा स्वयंपाक आणि पूजा संपेपर्यंत कोणालाही शिवायचं नाही. कोणी चुकून शिवलं तर पुन्हा आंघोळ. आमच्याकडे हे माझ्या सासूबाईंबरोबर संपलं. वेणूताईंनी ते तसूभर सोडलं नव्हतं. त्यांचं सोवळं छताजवळ टांगलेल्या बांबूच्या दांडीवर वाळत असे. ते उतरवायचं तेही हाताने नव्हे, एका लांब काठीने. काठी दांडीला लागली की टक-टक असा आवाज व्हायचा. तो आवाज ऐकून मी चहाचं आधण ठेवायची. तिथून पुढे सकाळ टळेपर्यंत वेणूताई कोणाच्या नसत. माझ्याशी बोलत, पण खिडकीपासून चार हात मागे उभ्या राहून. श्रीपादची धाकटी लेक धावत आली की "शिवू नकोस!" अशी आरोळी गल्लीभर जायची.

अशा घरात कुत्री आली कशी, हे विचाराल. आली ती गंगेमुळे. एका श्रावणात पाणी फार चढलं. घाटाच्या पायऱ्या, देवळांचे ओटे बुडाले आणि घाटावरची कुत्री गल्ल्यांमध्ये वर सरकली. त्यांतलं एक पिल्लू वेणूताईंच्या जिन्यात येऊन बसलं. कणकेच्या रंगाचं, भिजून चिपाड झालेलं. त्याचे डोळे तेवढे मोठे. वेणूताईंनी खिडकीतून मला जाहीर केलं, "पाणी उतरलं की जाईल." पाणी उतरलं. घाटावरचा गाळ काढून झाला, पायऱ्या धुऊन झाल्या. मी विचारलं, "वेणूताई, पिल्लू?"

"बघू या," त्या म्हणाल्या.

तिचं नाव पिठी. वेणूताई ओवळ्यात असल्या, म्हणजे सोवळं सुटलेलं असलं, की पिठी त्यांच्या पदराचं टोक अंगाखाली घेऊन झोपायची आणि वेणूताई तांदूळ निवडत तशाच अडकून बसायच्या. उठायचं झालं तर मला हाक मारायच्या, "सुधा, काहीतरी आवाज कर गं, म्हणजे ही उठेल. मी उठवलं तर रागावते."

पिठी दोनेक वर्षांची झाली आणि बिघडली. रोज पहाटेपासून ती थरथरायला लागायची. मग स्वयंपाकघराच्या बंद दारावर धडका. दाराची चौकट तिने कुरतडून काढली. नखांतून रक्त यायचं. एकदा दात मोडून घेतला. दार उघडून वेणूताई बाहेर येईपर्यंत तिचं रडणं चालायचं, आणि ते रडणं कुत्र्याचं वाटायचं नाही. कारण सगळ्यांना ठाऊकच होतं. त्याच वेळी खाली घाटावर आरती सुरू होते. घंटा, शंख, डमरू. कुत्र्याचे कान किती तिखट! कोणी तिच्या कानांत कापूस घालायला सांगितलं, कोणी ताईत. श्रीपाद मात्र वैतागला होता. त्याच्या घरी पूजेसाठी यजमान येत, आणि वर मंत्र चालले असताना खाली हे.

"काकू, हिला नावेतून रामनगरकडे सोडून येऊ," तो एकदा माझ्यादेखत म्हणाला. "तिकडे मोकळं आहे. घंटा नाहीत."

"तिकडची कुत्री हिला फाडून खातील."

"मग इथे ही स्वतःलाच फाडून खातेय, ते बघवतं तुम्हाला?"

वेणूताई खाली बसून पिठीचा पंजा पदराने पुसायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी पिठीला घेऊन मैदागिनपर्यंत चालत गेलो आणि तिथून ई-रिक्षाने डॉक्टरांकडे. डॉक्टर नसरीन, वयाने तुमच्या आईएवढी, बोलायला मऊ, पण पकड घट्ट. तिने मोडका दात काढला, कान बघितले, रक्त तपासायला घेतलं. दुखण्यामुळे जनावर असं करतं का, ते आधी बघू म्हणाली. दात बरा झाला, रक्तात काही निघालं नाही, धडका सुरूच राहिल्या. मग तिने गोळीचं नाव काढलं. मन शांत करणारी, रोज द्यायची, हळूहळू लागू पडणारी.

"बघू या," वेणूताई म्हणाल्या. डॉक्टरला तो होकार वाटला. मला कळलं.

परत येताना रिक्षात पिठी त्यांच्या मांडीवर होती. मी म्हटलं, "वेणूताई, देऊन तर बघा. आजकाल माणसंही घेतात." त्यांनी पिठीला मांडीवर सावरून घेतलं. मग म्हणाल्या, "आमच्या माई घेत होत्या."

माई म्हणजे त्यांच्या थोरल्या जाऊबाई. मी या गल्लीत येण्याआधीच्या. नवरा अकाली गेला, तेव्हा माई तिशीच्याही नव्हत्या. त्या रात्रंदिवस रडत, मध्येच उठून घाटाकडे चालायला लागत, ओळखीच्या माणसाला थांबवून नवऱ्याची चौकशी करत. घरात लाज वाटायला लागली. वैद्य झाले, मग डॉक्टर आले, त्यांनी गोळ्या दिल्या. माई शांत झाल्या. त्यानंतर पुष्कळ वर्षं त्या कोपऱ्यातल्या पाटावर बसून असत. जेवायला वाढलं तर जेवत. हाक मारली तर बघत. ओ कधी देत नसत.

"सगळे म्हणायचे, माई बऱ्या झाल्या," वेणूताई म्हणाल्या. "सासूबाईंनी सत्यनारायण घातला. सुधा, माई नव्हत्या गं बऱ्या झाल्या. आम्ही बरे झालो होतो. आमच्या घरातला आवाज थांबला होता."

पिठीने जांभई दिली. त्यांनी तिच्या तोंडावर हात ठेवला, लहान मुलाच्या ठेवतात तसा.

गोळ्यांची पुडी कपाटात पडून राहिली. श्रीपादने आता धोशा लावला. डॉक्टरने सांगितलंय तर द्यायला काय झालं? होळी होईपर्यंत वाट बघू, नाहीतर रामनगर. तो वाईट माणूस नाही. त्याची पोटापाण्याची विद्या त्या घरात चालत होती. पण वेणूताईंचं खाणं कमी झालं. त्या स्वयंपाकघरात आणि पिठी दाराबाहेर, आणि त्या दोघींमध्ये ती कुरतडलेली चौकट.

होळीच्या आधीच ग्वाल्हेरला त्यांचे चुलतदीर वारले. घराण्यातलं माणूस, म्हणून दहा दिवसांचं सुतक आलं. सुतक म्हणजे त्या दिवसांत घरच्यांनी देवाला हात लावायचा नाही. शेजारचे एक गुरुजी रोज येऊन गणपतीवर पाणी घालून जात. सोवळं नाही, नैवेद्य नाही. वेणूताईंना सकाळी काही उद्योगच उरला नाही.

चौथ्या की पाचव्या दिवशी सकाळी त्यांची हाक आली. नेहमीसारखी मोठी नव्हती.

"सुधा, इकडे बघ. घंटा वाजतेय ना?"

वाजत होती. घंटा, शंख, डमरू, सगळं. पिठी त्यांच्या पदरावर पाय पसरून घोरत होती.

"आणि काल?" मी विचारलं.

"काल पण. परवा पण. माझ्या आत्ता लक्षात आलं." त्या हळूच पदर सोडवून उठल्या. कोपऱ्यातली काठी घेतली. दांडीवर काही नव्हतंच. त्यांनी रिकाम्या दांडीला काठी लावली. टक-टक.

पिठी झोपेतून उठली तीच कान पाडून. शेपटी पोटाखाली. लाळ गळायला लागली. ती वेणूताईंकडे आली नाही. सरळ स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन उभी राहिली आणि थरथरू लागली. दार उघडंच होतं.

वेणूताई काठी हातात धरूनच खाली बसल्या. "घंटा नव्हे गं," त्या म्हणाल्या. "मीच. इतके महिने मी आरतीला दोष देत होते."

मी त्यांच्या जागी असते तर त्या दिवशी काठी गंगेत टाकली असती. मनात तसं आलंही. पण सोवळं हे वेणूताईंचं नुसतं खूळ नव्हतं. विधवा, निपुत्रिक बाईला त्या घरात जी जागा होती ती त्या स्वयंपाकामुळे होती. सासूबाईंनी मरताना किल्ल्या मुलगा असलेल्या धाकट्या सुनेला नव्हे, त्यांना दिल्या होत्या. सुतकाचे दिवस सोडले तर गणपतीचा नैवेद्य एक दिवसही चुकला नव्हता. श्रीपादला कारण सांगितलं तेव्हा त्यालाही धक्का बसला. मग तो म्हणाला, "काकू, सोवळं आपल्याला सोडता येणार नाही. म्हणून तर म्हणतो, गोळी द्या."

"म्हणजे मी तिला छळायचं आणि तिने गोळी घ्यायची?"

सुतक फिटायच्या आदल्या दिवशी आम्ही पुन्हा डॉक्टर नसरीनकडे गेलो. या वेळी वेणूताईंनी घडलेलं सगळं हिंदीत नीट सांगितलं, माईंचंही सांगितलं. आणि मग विचारलं, "डॉक्टरनी, सच बताइए. ये गोली इसके लिए है, कि हमारे लिए?"

दवाखान्यात गर्दी होती. कोणाची शेळी ओरडत होती. डॉक्टरने हातातलं काम खाली ठेवलं.

"मौसीजी, बहुत लोग अपने लिए ही ले जाते हैं," ती म्हणाली. "मैं वो वाली नहीं दे रही." झोप आणून गप्प पाडणारं औषध वेगळं, हे वेगळं, असं तिने समजावून सांगितलं. पिठीची भीती आता इतकी वाढली आहे की काठी वाजली की तिला पुढचं काही ऐकूच येत नाही. अशा जिवाला शिकवता येत नाही. "दवा सिखाती नहीं है. सिखाना आपको पड़ेगा. दवा बस इतना करेगी कि वो सुन सके."

"और अगर ये खाली पड़ी रहे तो?"

"तो आप उसे पुकारिए. पूँछ हिलाए, उठके आए, खाए, खेले, तो दवा उसकी है. खाली पड़ी रहे तो दवा आपकी है. तब मेरे पास वापस ले आइए."

वेणूताई काहीच बोलल्या नाहीत. पिशवीतून गोळ्यांची पुडी काढून कशी द्यायची ते विचारू लागल्या.

त्याच संध्याकाळी त्यांनी सुताराला बोलावलं. स्वयंपाकघराच्या दाराची खालची फळी काढून तिथे जाळी बसवून घेतली. आणि आत कमी वेळ लागावा म्हणून नैवेद्य कमी केला. रोज पाच पदार्थ असायचे. आता दूधभात आणि एखादी कोशिंबीर. श्रीपाद म्हणाला, "काकू, देवाला पाच पदार्थ लागतात."

"ते सासूबाईंचं म्हणणं. देवाचं कधी माझ्या कानावर आलं नाही," वेणूताई म्हणाल्या. "तिने गोळी घ्यायची, तर मीही काहीतरी घ्यायला नको का?"

पहाटेचं पहिलं काम गोळी, मलईत घालून. मग आंघोळ, मग सोवळं. पण सुरुवातीचे दिवस फार वाईट गेले. पिठी नुसती पडून राहू लागली. डोळे उघडे, मान खाली. दारावर धडका नाहीत. श्रीपादची बायको समाधानाने म्हणाली, "कित्ती शांत झाली!" वेणूताईंचा चेहरा मी खिडकीतून पाहिला. त्या पिठीकडे बघत नव्हत्या, त्या कोपऱ्याकडे बघत होत्या. तिथे आता पाट नव्हता, धान्याचे डबे होते.

त्यांनी हाक मारली, "पिठी." पिठीने नुसतं बघितलं. पुन्हा हाक मारली. पुन्हा नुसतं बघणं.

मला वाटलं, संपलं, आता पुडी गंगेत जाणार. वेणूताईंनी चपला घातल्या, पुडी घेतली, पिठीला चालवेना म्हणून कडेवर घेतलं. त्यांचं वय तेव्हा सत्तरीच्या पुढे होतं. मी धावत मागून गेले. घाटाचं वळण आलं तेव्हा त्या क्षणभर थांबल्या. खाली पाणी दिसत होतं. मग उलट दिशेला, मैदागिनकडे वळल्या.

डॉक्टरने मात्रा निम्मी केली. म्हणाली, काही जनावरांना सुरुवातीला असं होतं, बरं झालं लगेच आलात. आणखी काही आठवडे धीर धरा. वेणूताईंनी तिला रागावून विचारलं, "पहले काहे नहीं बताया?" डॉक्टरने माफी मागितली. दोघींचं त्यानंतर चांगलं जमलं.

आणि मग गल्लीला एक नवा आवाज मिळाला. रोज दुपारी, साध्या सुती लुगड्यात, वेणूताई दांडीला काठी लावायच्या. टक-टक. आणि कुठेच जायच्या नाहीत. खाली बसून पिठीला खोबऱ्याचा तुकडा द्यायच्या. पुन्हा टक-टक. पुन्हा खोबरं. मग टक-टक करून दारापर्यंत जाऊन परत. मग आत जाऊन जाळीतून बोलायचं आणि परत. डॉक्टरने शिकवलं होतं तसं, पण डॉक्टरने सांगितलं होतं त्याच्या कितीतरी पट चिकाटीने. खालचा पानवाला वर बघून ओरडायचा, "का मौसी, आज फिर बाँस बजावत हऊ?"

"तोहार का जात हौ?" वरून उत्तर यायचं.

श्रीपादच्या यजमानांना वाटायचं, हाही काही विधी असेल. एकाने त्याला त्याचं फळ विचारलं म्हणे.

पिठी हळूहळू ऐकू लागली. आधी काठी वाजल्यावर थरथरायची, पण खोबरं खायची. मग थरथरायची नाही, नुसती उभी राहायची. पावसाळ्याच्या सुमारास एका सकाळी काठी वाजली आणि मी नेहमीप्रमाणे आधण ठेवलं. रडणं आलं नाही. खिडकीतून डोकावले. पिठी जाळीशी पुढच्या पायांवर हनुवटी टेकून पडली होती. जाळीपलीकडे वेणूताई सोवळ्यात, भाताकडे पाठ करून, तिच्याशी बोलत होत्या. शिवत नव्हत्या. मी हाक मारली, "पिठी!" तिने लगेच मान वळवली आणि शेपटी आपटली. वेणूताईंनी माझ्याकडे बघितलं. हसल्या नाहीत. पदराने चष्मा पुसला.

वर्षभराने डॉक्टरने गोळी थोडी थोडी करत थांबवली. देवदिवाळीच्या फटाक्यांना मात्र एक वेगळी गोळी कायम राहिली. तेवढं भय तिचं गेलं नाही. वेणूताईंनी त्याचं कधी वाईट वाटून घेतलं नाही. सोवळंही शेवटपर्यंत पाळलं. मुलं शिवली तर ओरडत, पूर्वीपेक्षा थोडं कमी.

कोकोला गोळी द्यावी की नाही, हे मी इथून सांगणार नाही. कोको तुमच्याजवळ आहे, डॉक्टर तुमच्याजवळ आहे. दुखणं-खुपणं तपासून घ्या, तो नक्की कशाला भितो ते नीट बघा, आणि गोळी दिलीत तर रोज हाक मारून बघा. ईराला वाटणारी भीती बरोबर आहे. नीलचं म्हणणंही बरोबर आहे. मी दोन्ही एकाच बाईच्या मनात पाहिली आहेत.

मागच्या हिवाळ्यात मी तुमच्याकडे आले होते, तेव्हाच वेणूताई गेल्या. श्रीपादचा फोन आला, तेव्हा तुम्ही शाळेत होतात. पिठी आता म्हातारी झाली आहे, श्रीपादच्या बायकोच्या मागे मागे असते. श्रीपादने तिला रामनगरला नेलं नाही, आणि आता कोणी तसं म्हटलं तर तोच चिडतो.

मी निघायच्या आधी वेणूताई अंथरुणालाच खिळल्या होत्या. पाय सुजलेले, दम लागायचा. दिवसा ठीक असत. संध्याकाळ झाली की त्यांना घाबरं व्हायचं. उठून बसत, श्रीपादला हाका मारत, तो आला की कशासाठी बोलावलं ते सांगता येत नसे. घरच्या डॉक्टरांनी एक बारीकशी गोळी लिहून दिली. मी तिथे बसले होते. श्रीपाद एका हातात पाण्याचं भांडं आणि दुसऱ्या हातात गोळी घेऊन उभा राहिला.

"ही कोणासाठी रे?" वेणूताईंनी विचारलं.

श्रीपादला तो प्रश्न ठाऊक होता. खाटेखाली पिठी होती, तिच्याकडे बघत म्हणाला, "दोघांसाठी, काकू. तुम्ही हाका मारता आणि मला काहीच करता येत नाही. मला ते ऐकवत नाही."

वेणूताईंनी हात पुढे केला. "खरं बोललास," त्या म्हणाल्या. "दे."

गोळी घेतली, पाणी प्यायल्या, आडव्या झाल्या. मग डोळे मिटूनच म्हणाल्या, "सुधा, उद्या सकाळी खिडकीतून हाक मार. ओ दिली नाही, नुसती बघत राहिले, तर याला सांग."

सकाळी धुकं होतं. गल्लीच्या तोंडाशी काही दिसत नव्हतं, पण समोरची खिडकी दिसत होती. त्यांची खाट खिडकीला लावलेली होती. खालून आरतीची घंटा येत होती. मी दूध तापायला ठेवलं, खिडकी उघडली आणि माझ्या परीने मोठ्याने हाक मारली, "वेणूताई!"

काहीच नाही. पिठीचे दोन पाय खिडकीच्या कठड्यावर आले आणि तिने माझ्याकडे बघितलं. मी पुन्हा हाक मारली.

"ओ!" आतून आवाज आला, घाटापर्यंत जाईल असा. मग रजईतून हात बाहेर आला, पिठीच्या मानेवर पडला, आणि त्याच्यामागून वेणूताईंचा चेहरा, चष्मा वाकडा, डोळे अगदी स्वच्छ.

"ओरडतेस काय अशी?" त्या म्हणाल्या. "तिकडे तुझं दूध उतू जातंय."

मी वळून पाहिलं. खरंच जात होतं.